२० पैकी ८ : परदेशातल्या एका सेमिस्टरचं प्रकरण, कागदपत्रांसकट

सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. पाण्याच्या विषयांत जीव, म्हणजे हायड्रॉलिक्स, धरणं, नद्यांचे प्रवाह वगैरे. मार्क चांगले, पण पहिल्या तिघांत कधीच नाही. एक दिवस प्रॅक्टिकल संपल्यावर थांबली आणि म्हणाली, मॅडम, बाहेर जाऊन शिकू का? मी त्यावेळी डिपार्टमेंटची एक्सचेंज कोऑर्डिनेटर होते, म्हणजे जे काम कुणालाच नको असतं ते माझ्या गळ्यात होतं, आणि हा प्रश्न मला वर्षातून वीस-पंचवीस वेळा तरी यायचा. मी ठरलेलं उत्तर दिलं, की आधी सांग कशासाठी. बहुतेक मुलं इथे अडखळतात, एक्सपोजर, ग्लोबल वगैरे शब्द येतात. ही म्हणाली, मला हिमनदीचं पाणी धरणात कसं येतं ते शिकायचंय आणि आपल्याकडे तो विषय नाही. मी गप्पच झाले. कारण खरंच नव्हता, आणि असा प्रोफेसरही नव्हता.

हे प्रकरण पूर्ण लिहायचं कारण म्हणजे यात जाणं बरोबर होतं, मुलगी बरोबर होती, तिथलं शिक्षणही उत्तम होतं, तरी शेवटी एका पेपरवरून सगळं अडकलं. आणि त्या अडकण्यात माझी सही आहे. नाव-गाव देत नाही, तिची परवानगी घेतली आहे, तिने मसुदा वाचून दोन ठिकाणी दुरुस्त्याही केल्या आहेत.

घरात चार मतं होती. आईचं मत, नको, अजून दोन वर्षं राहिलीत, डिग्री होऊ दे मग बघू. बाबा काही बोलत नव्हते, जे आईच्या विरोधापेक्षा जास्त अवघड असतं. मामाचं मत अगदी उलट, जायचंच तर पूर्ण डिग्रीला जा, इथलं सोडून तिथे ट्रान्सफर घे, सहा महिन्यांचं एक्सचेंज म्हणजे पर्यटन. आणि चौथं मत एका कन्सल्टंटचं, ज्याच्याकडे मामाच घेऊन गेला होता. तो सुद्धा पूर्ण डिग्रीच म्हणाला. आता यात एक गोष्ट पालकांना माहीत नसते, की असे बरेच कन्सल्टंट मुलाकडून फी घेत नाहीत किंवा नाममात्र घेतात, कारण त्यांचं कमिशन परदेशातली युनिव्हर्सिटी देते, मूल ॲडमिशन घेतं तेव्हा. त्यात गैर असं काही नाही, पण सहा महिन्यांच्या एक्सचेंजमध्ये त्याला काहीच मिळत नाही, तेव्हा तो ते सुचवेल कशाला. मी हे तिच्या बाबांना फोनवर सांगितलं तर ते पहिल्यांदाच बोलले, म्हणाले, असं आहे होय.

पूर्ण डिग्रीचा पर्याय आम्ही हसण्यावारी नेला नाही, नीट मांडला. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अंडरग्रॅज्युएट मुलाला दर सेमिस्टरला साधारण किमान १२ क्रेडिट घ्यावी लागतात, म्हणजे तब्येत बिघडली, मन उडालं म्हणून एक-दोन विषय सोडून देऊ असं सहज जमत नाही, फुल टाइम नाही तर व्हिसाच धोक्यात. काम करायचं तर कॅम्पसवर, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत. डिग्रीनंतर १२ महिने ओपीटी, म्हणजे तिथे राहून काम करायची परवानगी, सायन्स-इंजिनिअरिंगवाल्यांना त्यावर आणखी २४ महिने. कन्सल्टंट या छत्तीस महिन्यांवर फार बोलत होता. मी विचारलं, हे नियम डिग्री संपेपर्यंत असेच राहतील याची हमी कोण देणार? कारण जुलै २०२० मध्ये एक आदेश निघाला होता, की ज्यांचे क्लास पूर्ण ऑनलाइन झालेत त्या परदेशी मुलांनी देश सोडावा. हार्वर्ड आणि एमआयटी कोर्टात गेले आणि आठवड्याभरात तो मागे घेतला गेला, पण त्या आठवड्यात मुलांनी बॅगा भरल्या होत्या. आणि आमची ही चर्चा चालली होती त्याच सुमाराला, जानेवारी २०२४ मध्ये, कॅनडाने स्टडी परमिटवर, म्हणजे वर्षाला किती परदेशी मुलांना शिकायची परवानगी द्यायची त्यावर, मर्यादा घातली. नॉर्वेत तर सरकारी युनिव्हर्सिटीत फीच नव्हती, २०२३ पासून युरोपबाहेरच्या मुलांना ती लागू झाली. चार वर्षांची डिग्री म्हणजे चार वर्षं दुसऱ्या देशाच्या राजकारणावर बसून राहायचं, आणि कर्ज काढून बसायचं. ज्याच्या घरात पैशाची उशी आहे त्याने खुशाल बसावं. हिच्या घरात नव्हती.

एक्सचेंजचं गणित वेगळं. दोन कॉलेजांमध्ये करार असतो, मूल फी आपल्याच कॉलेजात भरतं, तिकडे ट्यूशन फी नाही. राहणं, खाणं, प्रवास, विमा मात्र आपला. आमचा करार फ्रान्समध्ये ग्रनोबल भागातल्या एका युनिव्हर्सिटीशी होता. आणि ग्रनोबल म्हणजे पाण्याच्या माणसासाठी काय आहे हे थोडं सांगायलाच हवं, नाहीतर हे सगळं का केलं ते कळणार नाही. आल्प्सच्या कुशीत वसलेलं शहर. तिथून जवळच लान्से नावाचं गाव आहे, तिथे १८६९ मध्ये आरिस्टिड बर्जेस नावाच्या इंजिनिअरने डोंगरावरचं पाणी पाइपातून जवळजवळ २०० मीटर खाली आणलं आणि त्यावर कागदाच्या लगद्याची मशिनं चालवली. पाण्याच्या ताकदीला ‘पांढरा कोळसा’ म्हणायची पद्धत त्यानेच लोकप्रिय केली. आपण शाळेत जलविद्युतला पांढरा कोळसा म्हणतो ना, तो शब्द या खोऱ्यातून आलाय. आणि त्याच आल्प्समध्ये, शामोनीजवळ, मेर द ग्लास ही हिमनदी. म्हणजे जो विषय आमच्याकडे एका चॅप्टरमध्ये दोन आकृत्यांत संपतो तो तिथे खिडकीतून दिसतो.

मला विचाराल तर जाण्यासाठी एवढं एक कारण पुरेसं होतं, आणि या प्रकारचं कारण नसेल तर मी मुलांना थांबवते. मॅथ्स तिथेही तेच असतं. थर्मोडायनॅमिक्स फ्रान्समध्ये काही वेगळं वागत नाही.

आईला पटवायला वेळ लागला. शेवटी ज्याने पटलं ती गोष्ट अगदी साधी होती. पाचवं सेमिस्टर, सप्टेंबर ते जानेवारी, परतीचं तिकीट आधीच काढलेलं. आई म्हणाली, तारीख कळली की धीर धरता येतो.

मग कागदं. यातला मुख्य कागद म्हणजे लर्निंग अ‍ॅग्रीमेंट. तिकडे कुठले विषय घेणार, त्यांची क्रेडिट किती, त्याच्या बदल्यात इकडचे कुठले विषय सुटणार, आणि त्यावर तीन सह्या, मुलाची, इकडच्या कॉलेजची, तिकडच्या कॉलेजची. युरोपात क्रेडिट मोजायची पद्धत ईसीटीएस, वर्षाला ६०, सेमिस्टरला ३०. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, आणि यात नुसतं वर्गात बसणं येत नाही, घरचा अभ्यास, रिपोर्ट, परीक्षेची तयारी सगळं धरतात. आमच्याकडे क्रेडिट म्हणजे वर्गातले तास, सेमिस्टरला २०. त्यामुळे पहिलाच वाद हा, की तिकडचं ६ क्रेडिटचं काम म्हणजे इकडचं किती? आम्ही ३० ला २० असं सरळ प्रमाण लावलं. तिचे पाच विषय, प्रत्येकी ६ ईसीटीएस. इथले पाच विषय, प्रत्येकी ४. एकास एक जोडी लावली. हायड्रॉलॉजीला हायड्रॉलॉजी, फ्लुइडला फ्लुइड, संख्यात्मक पद्धतींना न्यूमरिकल, वगैरे. एकदम सुंदर टेबल झालं, मीच बनवलं होतं. सही केली.

त्या टेबलात एक कॉलम नव्हता. पुढे येतोच.

तिथे पोचल्यावर पहिल्या दहा दिवसांत टेबल मोडलं. इंग्रजीतून शिकवणार म्हणून लिहिलेल्या पाच विषयांपैकी एक रद्द, मुलं कमी आली म्हणून, आणि एक फ्रेंचमध्ये. हे फार कॉमन आहे हो, वेबसाइटवरची विषयांची यादी आधीच्या वर्षाची असते. तिचं फ्रेंच बी१ पातळीचं, म्हणजे दुकानात-बसमध्ये चालेल, पण न्यूमरिकल हायड्रॉलिक्सचं लेक्चर समजायला त्याच्या वरची बी२ पातळीसुद्धा कमीच पडते. रद्द झालेल्याऐवजी दुसरा मिळाला. फ्रेंचमधला मात्र तसाच ठेवावा लागला, कारण त्या जोडीचा इथला विषय पुढच्या सेमिस्टरची अट होता. मी मेलवर मंजुरी दिली, बदललेलं अ‍ॅग्रीमेंट पुन्हा तिन्ही सह्यांनिशी झालं, इथवर सगळं रीतसर.

रोजच्या गोष्टी ती लिहायची मला, मोठमोठे मेल. हॉस्टेल उशिरा मिळालं म्हणून पहिले दोन आठवडे एका सीनियरच्या खोलीत जमिनीवर काढले. भाड्याच्या खोलीसाठी गॅरंटर मागतात, फ्रान्समध्ये राहणारा, मग कळलं की विझाल नावाची एक योजना आहे ज्यात ती गॅरंटी फुकट मिळते. व्हिसा घेऊन गेलं की काम संपलं असं वाटतं, पण लाँग स्टे व्हिसा पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन व्हॅलिडेट करावा लागतो, हिने तो तिसऱ्या दिवशी केला, वर्गातला दुसऱ्या देशाचा एक मुलगा विसरला आणि त्याची पळापळ झाली.

शिकवणं कसं होतं यावर तिने जे लिहिलं ते मी अजून जपून ठेवलंय. तिकडे प्रत्येक विषयाचे तीन भाग. मोठ्या हॉलमध्ये लेक्चर, त्याला कुणी आलं नाही तरी चालतं. मग टेदे, म्हणजे पंचवीस-तीस मुलांचा वर्ग, तिथे गणितं सोडवायची, हजेरी सक्तीची. आणि तेपे, म्हणजे प्रॅक्टिकल. तिने लिहिलं होतं, ‘मॅडम, टेदेमध्ये सर फळ्यावर बोलावतात आणि उत्तर बरोबर आलं तरी विचारतात हे गृहीत का धरलंस. मी म्हणाले पुस्तकात असं धरतात. सगळा वर्ग हसला.’ दोन आठवड्यांनी दुसरा मेल, ‘आज परत बोलावलं, गृहीत का धरलं ते सांगितलं, सर म्हणाले बों, म्हणजे ठीक.’ त्या ‘ठीक’चा तिला झालेला आनंद मेलमधून सांडत होता. सात वर्षं मी हेच विषय शिकवतेय, मी कधी कुणाला विचारलं नव्हतं की गृहीत का धरलंस. बरोबर आलं की टिक.

ऑक्टोबरमध्ये फील्ड व्हिजिट, मेर द ग्लास. बर्फाकडे उतरायच्या वाटेवर वर्षांच्या पाट्या लावलेल्या आहेत, अमुक साली हिमनदी इथपर्यंत होती. ती जन्मली त्या सुमाराची पाटी डोक्याच्या कितीतरी वर राहिली आणि अजून खाली उतरायचंच होतं. त्या रात्री तिने प्रोजेक्टचा विषय ठरवला, बर्फ कमी होत गेला की उन्हाळ्यातला प्रवाह आधी वाढतो आणि मग एका टप्प्यानंतर घसरायला लागतो, तो टप्पा धरणाच्या डिझाइनमध्ये कसा धरायचा. यातला ‘आधी वाढतो’ हा भाग आमच्या पुस्तकात नाही. इथे बसून तिला तो प्रश्नच पडला नसता.

नोव्हेंबर वाईट गेला. चार वाजता सूर्य डोंगरामागे, टेदेचे ग्रुप आपसात फ्रेंचमध्ये, आणि रविवारी सगळं बंद. मेल छोटे झाले, मग थांबले. इथे मला थोडं वाचलेलं आठवत होतं. १९५५ मध्ये लिसगार्ड नावाच्या नॉर्वेच्या संशोधकाने अमेरिकेत फुलब्राइट शिष्यवृत्तीवर जाऊन आलेल्या २०० लोकांचा अभ्यास केला होता, त्यात सहा महिन्यांपेक्षा कमी आणि दीड वर्षापेक्षा जास्त राहिलेले बरे होते, मधलेच जास्त बेचैन. त्यावरून पुढे ते यू आकाराच्या वक्राचं प्रकरण सगळीकडे पसरलं, की आधी मजा, मग खड्डा, मग सावरणं. नंतरच्या अभ्यासांनी ते बरंच मोडीत काढलं, १९९८ मध्ये न्यूझीलंडमधल्या जपानी मुलांवरच्या अभ्यासात उलट सगळ्यात जास्त त्रास अगदी सुरुवातीलाच दिसला होता. म्हणजे ‘थांब, होईल नीट’ हे आपण जे आत्मविश्वासाने सांगतो त्याला फार आधार नाही. मी तरी तेच सांगितलं, दुसरं काय सांगणार. ती म्हणाली, मॅडम नीट होईपर्यंत परत यायची तारीख येईल. आणि हे अगदी खरं होतं. एका सेमिस्टरची अडचण हीच आहे, रुळायला लागलो की बॅग भरायची.

त्याच काळात इथे प्लेसमेंट सुरू. हा खर्च कुणी आधी धरत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये समर इंटर्नशिपसाठी कंपन्या आल्या, दोन कंपन्यांची टेस्ट समोर बसूनच द्यायची होती, म्हणजे ती बाद. तिसरीचा इंटरव्ह्यू तिने हॉस्टेलच्या कॉमन किचनमधून दिला कारण खोलीत नेट येत नव्हतं, मागे कुणीतरी भांडी घासत होतं. नाही मिळाली. तिच्यापेक्षा कमी मार्कांच्या मुलांना मिळाली आणि तिच्या आईने मला फोन केला. आवाज चढवला नाही, नुसतं विचारलं, हे तुम्ही आधी सांगितलं होतं का? नव्हतं सांगितलं. सुचलंच नव्हतं.

जानेवारीत निकाल. १४, १३, १२, ११.५ आणि ८. सगळे २० पैकी. सरासरी ११.७.

आता फ्रान्समधले मार्क म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचे पाच महिने मी हेच सगळ्यांना सांगत फिरले. तिथे १० ला पास. १२ च्या वर गेलं की बरा, १४ च्या वर चांगला, १६ च्या वर फार चांगला. १८ मिळालं तर लोक वळून बघतात, वीसपैकी वीस हे जवळपास कुणाला देतच नाहीत. आणि दुसरं, तिथे कॉम्पेन्सेशन असतं. एखाद्या विषयात १० च्या खाली गेलात तरी बाकीच्यांच्या जोरावर सेमिस्टरची सरासरी १० च्या वर राहिली तर पूर्ण सेमिस्टर पास, ३० च्या ३० क्रेडिट मिळतात. तिच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे तिकडच्या मार्कशीटवर, तेच छापलेलं होतं, सेमिस्टर मान्य, ३० क्रेडिट. ८ पडले होते अर्थातच त्या फ्रेंचमधल्या न्यूमरिकलमध्ये. तीन तासांचा पेपर, प्रश्न दोनच, आणि उत्तरात आकडे कमी, कारणं जास्त, तीही फ्रेंचमध्ये.

तिच्या दृष्टीने ती पास होऊन आली होती, आणि तिकडच्या नियमाने होतीच. इथल्या परीक्षा विभागाने सगळ्या मार्कांना पाचाने गुणलं. ७०, ६५, ६०, ५७.५, ४०. आमच्याकडे पासिंग ५०, डिस्टिंक्शन ७५. म्हणजे जिने तिकडच्या वर्गात पाण्याच्या विषयात वरचे मार्क काढले तिला इथे साधा फर्स्ट क्लास, आणि एका विषयात नापास, शिवाय तो विषय पुढच्या सेमिस्टरची अट, म्हणजे सहाव्या सेमिस्टरचे दोन पेपर अडकले.

टेबलात नसलेला कॉलम हाच. ‘तिकडे कॉम्पेन्सेशनने पास झाल्यास इकडे ग्राह्य की नाही’ आणि ‘मार्क कसे बदलून घेणार’. अ‍ॅग्रीमेंटमध्ये विषय होते, क्रेडिट होती, सह्या होत्या, पण मार्कांबद्दल एक ओळ नव्हती. फ्रेंच बाजूला ती ओळ लिहावीशी वाटली नसणार, त्यांच्याकडे कॉम्पेन्सेशन हवेसारखं आहे. आमच्या परीक्षा विभागाला ते आहे हेच माहीत नव्हतं. दोघांच्या मध्ये मी होते आणि हे विचारणं माझं काम होतं.

मग कमिटी. पहिल्या बैठकीत एक ज्येष्ठ सर म्हणाले, वीसपैकी आठ म्हणजे चाळीस टक्के, यात समजायचं काय बाकी आहे. मी सांगायला गेले की दुसऱ्या देशाचं मार्किंग पाचाने गुणता येत नाही. तर म्हणाले, मग फॉर्म्युला आणा. फॉर्म्युला आहे, जर्मनीत वापरतात, बव्हेरियन म्हणतात त्याला: कमाल मार्क वजा मिळालेले, भागिले कमाल वजा पासिंगचे, गुणिले तीन, अधिक एक. मी मोठ्या उत्साहाने १४ टाकले. सहा भागिले दहा, गुणिले तीन, अधिक एक, आलं २.८. जर्मन पद्धतीत १ सगळ्यात वर, ४ म्हणजे काठावर पास, २.८ म्हणजे ‘समाधानकारक’. झालं, माझाच फॉर्म्युला माझ्या विरुद्ध गेला. कारण तोही सरळ रेषेतच मोजतो, वरचे मार्क कुणी वापरतच नाही हे त्याला कळत नाही.

खरा मार्ग ईसीटीएसच्या गाइडमध्येच लिहिलेला आहे. नुसता आकडा बदलू नका, त्या अभ्यासक्रमात कुठल्या मार्कांवर किती मुलं होती त्याचं कोष्टक मागवा आणि दोन्ही कोष्टकं शेजारी ठेवून जागा बघा. मी तिकडे मेल टाकला, तिसऱ्या स्मरणपत्राला उत्तर आलं. तिचे १४ वर्गातल्या वरच्या दहा टक्क्यांत बसत होते. आमच्याकडे वरचे दहा टक्के म्हणजे ८५ च्या पुढे. आणि ते ८? त्या पेपरला वर्गातली जवळपास निम्मी मुलं १० च्या खाली होती.

या सगळ्या दिवसांत मला सोफिया कोराडी या इटालियन बाईंची आठवण यायची. त्या १९५०च्या दशकात शिष्यवृत्तीवर कोलंबिया युनिव्हर्सिटीत गेल्या, मास्टर्स करून रोमला परत आल्या आणि तिथल्या युनिव्हर्सिटीने ती डिग्री मानायलाच नकार दिला. ऑफिसमध्ये सगळ्यांदेखत अपमान झाला. मग त्या बाई त्या एका अपमानाच्या मागे वर्षानुवर्षं लागल्या, टिपणं लिहिली, अधिकाऱ्यांना भेटत राहिल्या, आणि १९८७ मध्ये युरोपात इरॅस्मस ही मुलांना दुसऱ्या देशात शिकायला पाठवायची योजना सुरू झाली, पहिल्या वर्षी ११ देशांतून ३,२४४ मुलं गेली. पुढे लोक त्यांना मम्मा इरॅस्मस म्हणायला लागले. म्हणजे एवढी मोठी योजना उभी राहिली त्याच्या मुळाशी ‘मुलांनी जग बघावं’ हे होतंच, पण ‘परत आल्यावर मोजलं जावं’ ही चीड आधी होती. मी हे कमिटीत सांगितलं. ज्येष्ठ सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, छान आहे, पण आपण इरॅस्मसमध्ये नाही.

तेही बरोबरच.

निर्णय मे महिन्यात लागला, अर्धवट. चार विषयांची क्रेडिट घेतली पण ग्रेड नाही, मार्कशीटवर नुसतं ‘क्रेडिट ट्रान्सफर’, सरासरीत धरायचंच नाही. माझ्या मते त्यातल्या त्यात सगळ्यात कमी अन्याय, ७० पेक्षा काही नसलेलं बरं. पाचवा विषय मात्र नाही. तो इथे परत द्यायचा, उन्हाळ्यात. ज्या अटीमुळे सहाव्या सेमिस्टरचे पेपर अडकले होते ते तात्पुरत्या परवानगीवर देऊ दिले. तिने न्यूमरिकल परत दिला, ८१ मिळाले. मी पेपर बघितला, सगळी उत्तरं बरोबर होती आणि प्रत्येक उत्तराखाली दोन-तीन ओळी जास्तीच्या, हे गृहीत का धरलं. त्याला मार्क नव्हते.

मग गेली ते बरोबर केलं का? हे मला तिच्या आईने विचारलं, बाबांनी विचारलं, आणि नंतरच्या दोन बॅचेसनी. जमा-खर्च मांडला तर खर्चाच्या बाजूला एक इंटर्नशिप, एक पूर्ण उन्हाळा, आणि बाबांनी मोडलेली एक ठेव. जमेच्या बाजूला हिमनदीचा तो प्रोजेक्ट, जो तिने फायनल इयरला पुढे नेला, आणि फळ्यासमोर उभं राहून ‘मला माहीत नाही, पण शोधते’ म्हणायची सवय, जी इथे कुणालाच नाही, मलाही नव्हती. मला विचाराल तर गेली ते बरोबर. मामाचं ऐकून पूर्ण डिग्रीला गेली असती तर मी बरोबर म्हणाले नसते, कारण एका विषयाच्या ओढीसाठी चार वर्षांचं कर्ज हा हिशोब कुठल्याच बाजूने जुळत नव्हता. आणि नुसतं ‘बाहेर’ म्हणून गेली असती तर नोव्हेंबरमध्ये परत आली असती, असं तीच म्हणते.

कॉलेजने फॉर्म बदलला, एवढं एक झालं. आता अ‍ॅग्रीमेंटच्या दुसऱ्या पानावर चार प्रश्न छापलेत: तिकडे पास कसं ठरतं, एका विषयात कमी पडल्यास इकडे काय, मार्क कुठल्या पद्धतीने बदलणार, आणि त्या सेमिस्टरला इकडे कुठली प्लेसमेंट-परीक्षा चुकणार. चौथा प्रश्न तिच्या आईमुळे आला. परीक्षा विभागाची सही असल्याशिवाय आता मी करत नाही. दोन मुलं हे पान वाचून गेलीच नाहीत, एकाने प्लेसमेंटपायी आणि एकीने कारण तिकडच्या कॉलेजने तिसऱ्या प्रश्नाला उत्तरच दिलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

ती आता शेवटच्या वर्षाला आहे. मास्टर्ससाठी ग्रनोबलच्याच एका ग्रुपने विचारणा केली होती, बर्फ आणि धरणावरच. तिने अजून हो म्हटलेलं नाही. आधी दोन वर्षं इथे एका धरणाच्या साइटवर काम करायचं म्हणते, म्हणजे तिकडे प्रश्न घेऊन जाता येईल. त्यांना पाठवायचा मेल तिने मला दाखवला. पहिल्याच परिच्छेदात विचारलंय की मास्टर्समध्ये कॉम्पेन्सेशन आहे का, असेल तर सेमिस्टरपुरतं की वर्षभरासाठी, आणि हे लेखी कुठे मिळेल. फ्रेंच चांगलं झालंय तिचं, मला दोन ठिकाणी डिक्शनरी उघडावी लागली.